मोत्याला काय वाढू?

चला, आधी एक परीक्षा! घाबरू नका, पाचच पदार्थ आहेत. प्रत्येकापुढे 'चालेल' किंवा 'नाही चालणार' एवढंच लिहायचं. परीक्षा आहे कुत्र्याच्या जेवणाची.

ज्वारीची भाकरी. दोन द्राक्षं. कांदाभजी. उकडलेलं अंडं. चॉकलेटची वडी.

लिहिलंत? पेन्सिल आणि खोडरबर जवळच असू द्या. मध्येच खाडाखोड करावी लागेल, आत्ताच सांगून ठेवते.

आणि हो, परीक्षेसाठी आपल्याला एक कुत्रा हवा. घरी असेल त्यांनी त्याला बोलवावं, नसेल त्यांनी माझा कागदावरचा घ्यावा. नाव मोत्या. कुळ अस्सल गावठी. एक कान उभा, एक पडलेला. वजन बरोबर 10 किलो. वजन लक्षात ठेवा, पुढे गणित आहे. (पळू नका! सोपं आहे.)

लांडग्याचा वंशज आणि भाकरी

मोत्याचे पूर्वज लांडगे होते, हे तुम्ही वाचलं असेल. लांडग्याचं जेवण म्हणजे शिकार. मोठं सावज मिळालं, तर तो एका बैठकीत आठ-नऊ किलो मांस फस्त करतो आणि मग दोन-तीन दिवस काही मिळालं नाही तरी निभावून नेतो. त्याच्या पानात भाकरी कधी आलीच नाही. मग मोत्या ती एवढ्या आवडीने कशी खातो? आणि खाल्लेली पचवतो कशी?

थांबा, आधी एक प्रयोग करून बघा. भाकरीचा किंवा पोळीचा एक घास तोंडात घ्या. भाजी नको, नुसता घास. आता तो न गिळता मिनिटभर चावत राहा. काय झालं? घास गोडसर लागायला लागला ना! आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. धान्यातल्या पिष्टाच्या लांबलचक साखळ्या ते तोडतं आणि त्यातून साखर मोकळी होते. म्हणजे भाकरी पचायला सुरुवात होते ती थेट तोंडातच.

मोत्याने हाच प्रयोग केला, तर त्याला काहीच गोड लागणार नाही. एक तर तो मिनिटभर चावणारच नाही. दुसरं म्हणजे त्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसतंच. त्याच्याकडे ते तयार होतं पोटात, स्वादुपिंडात. लांडग्याच्या स्वादुपिंडातही होतं, पण अगदी बेताचं.

हा फरक किती, ते स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिलं. त्यांनी 12 लांडगे आणि 60 कुत्रे यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून तपासली. अमायलेज बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या लांडग्यांमध्ये दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यांमध्ये? कुणात 4, कुणात 10, तर कुणात चक्क 30! जितक्या प्रती जास्त, तितकं अमायलेज जास्त.

हे घडलं कसं? माणूस शेती करू लागला, गावं वसली. गावाच्या कडेला उष्टं-खरकटं पडू लागलं, आणि त्यात मांस थोडं, धान्यच जास्त. ज्या कुत्र्यांना ते धान्य पचलं ती धडधाकट राहिली, त्यांना पिल्लं झाली. त्या पिल्लांतही ज्यांना जास्त पचलं ती पुढे टिकली. असं हजारो वर्षं चाललं. याचा एक पुरावा फार गमतीचा आहे. ऑस्ट्रेलियातला डिंगो आणि बर्फात घसरगाडी ओढणारा सायबेरियन हस्की यांच्यात या जनुकाच्या प्रती अगदी कमी आढळतात. का बरं? ती ज्या माणसांबरोबर राहिली ती शेतकरी नव्हतीच! शिकार आणि मासे यांवर जगणाऱ्यांच्या घरी भाकरी कुठून असणार?

आपल्याकडचा एक जुना कुत्रा मात्र शेतकऱ्यांच्या गावातला. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद आहे. तिथे 1974 साली जमिनीतून काही ब्राँझच्या वस्तू निघाल्या. त्यांतला रथ बघायलाच हवा. दोन बैल जुंपलेले, मागे हाकणारा माणूस, आणि मधल्या दांडीवर ऐटीत उभा असलेला एक कुत्रा! हा रथ साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे धान्य पिकवणाऱ्या माणसाच्या गाडीवर कुत्र्याने केव्हाच जागा पटकावली होती.

आणि संत नामदेवांची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच असेल. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या कुत्र्याला भाकरीही पचली असणार आणि चमचाभर तूपही, कारण स्निग्ध पदार्थ कुत्र्याला छान पचतात. वाटीभर तूप मात्र नको. एकदम खूप तूपकट पोटात गेलं, तर ते अमायलेज बनवणारं स्वादुपिंडच सुजतं आणि कुत्रा फार आजारी पडतो.

तर भाकरीपुढे 'चालेल' लिहिलंय त्यांना एक गुण. पण 'चालेल' म्हणजे 'पुरेल' नव्हे. त्याकडे येतेच.

आ कर मोत्या, आ कर!

आता मोत्याच्या तोंडात डोकावू. (खऱ्या कुत्र्याच्या तोंडात डोकवायचं, तर घरातल्या मोठ्यांबरोबर. अनोळखी कुत्र्याच्या तर मुळीच नाही.)

मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, मोठ्या माणसाला 32. पिल्लाला 28 दुधाचे दात, तुम्हाला 20. दात जास्त आहेत म्हणून चावणंही जास्त असेल, असं वाटतं ना? उलटं आहे. आपली दाढ म्हणजे जातं आणि मोत्याची दाढ म्हणजे अडकित्ता. आपला जबडा डावीकडे-उजवीकडे सरकतो, म्हणून घास दळला जातो. मोत्याचा जबडा फक्त वर-खाली होतो. तुकडा पाडायचा आणि गिळायचा, झालं! 'एक घास बत्तीस वेळा चाव' असं आजीने मोत्याला कितीही बजावलं, तरी उपयोग नाही. तो अधाशी नाही, त्याचा जबडाच तसा आहे.

म्हणूनच मोत्याला जे द्यायचं, ते घशात अडकणार नाही असं हवं. आंब्याची कोय नको. मक्याचं सोललेलं कणीसही नको, ते आतड्यात जाऊन अडकतं. आणि शिजवलेलं हाड तर नकोच नको. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं आणि फुटलं की त्याचे टोकदार तुकडे पडतात. रविवारी मटणाच्या ताटातलं नळीचं हाड 'घे रे बाबा' म्हणून टाकणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

चवीचं काय? आपल्या जिभेवर साधारण 9,000 रुचिकलिका असतात, म्हणजे चव ओळखणारे बारीक ठिपके. कुत्र्याच्या जिभेवर 1,700 च्या आसपास. गोड त्याला कळतं. मांजराला मात्र गोड कळतच नाही, कारण गोडाची चव ओळखणारं तिचं एक जनुक बिघडलेलं आहे. म्हणून मांजर गुळाच्या खड्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि मोत्या मात्र पुरणपोळीच्या वासाने स्वयंपाकघराच्या दारात ठाण मांडतो.

वासाने! खरी गंमत तिथेच आहे. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50–60 लाख असतात. कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी. शिवाय त्याच्या नाकपुडीला बाजूने एक चीर असते. श्वास सोडताना हवा त्या चिरेतून बाजूला जाते, त्यामुळे समोरून येणारा वास उधळला जात नाही. जेवण मोत्याला आवडलं की नाही, हे बरंचसं त्याचं नाक आधीच ठरवून टाकतं. कुत्रा जेवायला कुरकुर करत असेल, तर खाणं किंचित कोमट करून देतात, ते याचसाठी. कोमट झालं की वास जास्त दरवळतो.

कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. वेगवेगळे पदार्थ समोर ठेवले, तर ही कुत्री काय निवडतात? त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की मोठ्या कुत्र्यांचा एक साधा नियम असतो: ज्याला मांसाचा वास, ते आधी खा! मग वाटलं, हा नियम ती जन्मतःच घेऊन येत असतील. तर तसं नाही! लहान पिल्लांपुढे तीच परीक्षा ठेवली, तेव्हा त्यांनी मांसाच्या वासाला काही खास पसंती दिली नाही. म्हणजे मांसाची आवड ती मोठी होताना शिकतात. लांडग्याच्या वंशजाला मांस आवडायला शिकावं लागतं, आहे की नाही नवल!

आपला खाऊ, त्याचं विष

आता पेन्सिल घ्या. मोत्या हजारो वर्षं आपल्या ताटाजवळ बसला आणि त्याचं शरीर थोडं आपल्यासारखं झालं. पण थोडंच! काही गोष्टी आपल्याला मजेत पचतात आणि त्याला मात्र भोवतात.

आधी चॉकलेट. कोकोमध्ये थिओब्रोमिन नावाचा पदार्थ असतो. आपलं शरीर त्याचा भराभर निकाल लावतं: सहा ते दहा तासांत निम्मं थिओब्रोमिन संपतं. कुत्र्याला तेवढ्यासाठीच सतरा-अठरा तास लागतात. तोपर्यंत त्याचं हृदय धडधडत राहतं, उलट्या होतात, अंग थरथरतं, झटकेही येऊ शकतात. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं थिओब्रोमिन जास्त. चॉकलेटवर काट!

दुसरं, कांदा. भजीतला असो, भाजीतला असो, कच्चा असो की परतलेला. कांद्यातले गंधकाचे काही पदार्थ कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडून त्याचे बारीक गोळे होतात. सूक्ष्मदर्शकातून ते पेशीच्या कडेला ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात, रॉबर्ट हाइन्झ या जर्मन डॉक्टरांच्या नावावरून. (केचपवाले हाइन्झ ते वेगळे!) अशा पेशी फुटतात आणि कुत्र्याला रक्त कमी पडतं. लसूणही याच कुळातला. आपल्या रश्श्याची सुरुवातच कांदा-लसणाच्या वाटणाने होते, म्हणून रश्श्यात कालवलेला भात मोत्याला नको.

तिसरं, शुगरफ्री च्युइंगगम. त्यात अनेकदा झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. माणसाला तो त्रास देत नाही. कुत्र्याच्या शरीराला मात्र वाटतं, भरपूर साखर आली! मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडत सुटतं आणि रक्तातली खरी साखर अर्ध्या-एक तासात धोक्याच्या खाली जाते. काही टूथपेस्टमध्येही हाच पदार्थ असतो. म्हणून मोत्याचे दात आपल्या टूथपेस्टने घासायचे नाहीत.

आणि द्राक्षं? ही तर गुप्तहेरकथाच आहे!

द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, असा इशारा अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी 2001 साली छापला. पण द्राक्षात असं आहे तरी काय? कीटकनाशक? बुरशी? सगळं तपासून झालं, काही हाती लागेना. त्यातून आणखी एक कोडं. एखादा कुत्रा मूठभर द्राक्षं खाऊनही खुशाल असायचा, तर दुसरा थोडीशी खाऊन गंभीर व्हायचा. वीस वर्षं हा चोर कुणाला सापडला नाही.

मग त्याच केंद्राकडे एक वेगळीच केस आली. एका कुत्र्याने मुलांच्या खेळायचा, घरी मळलेला पिठाचा रंगीत गोळा खाल्ला होता. त्याची लक्षणं हुबेहूब द्राक्षं खाल्ल्यासारखी! पण गोळ्यात द्राक्षं कुठली? डॉक्टरांनी कृती तपासली. त्यात 'क्रीम ऑफ टार्टर' होतं. केक-बिस्किटांतही वापरतात ती पांढरी पूड. ती येते टार्टारिक आम्लापासून, आणि हे आम्ल भरपूर असतं ते... बरोबर, द्राक्षात! द्राक्षाची जात आणि पिकलेपण यांप्रमाणे ते कमी-जास्त होतं, म्हणून कुणी वाचायचा आणि कुणी नाही. 2021 पासून दाट संशय याच आम्लावर आहे.

आता तुम्ही गुप्तहेर व्हा. आपल्या स्वयंपाकघरात टार्टारिक आम्लाने भरलेलं आणखी काय आहे? आमटीत पडतं, पाणीपुरीच्या चटणीत असतं, खाताना एक डोळा मिटतो... चिंच! चिंच खाऊनही कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

म्हणजे बघा, नाशिक जिल्ह्याची दोन नामांकित पिकं, लासलगावचा कांदा आणि नाशिकची द्राक्षं, दोन्ही मोत्याला वर्ज्य. सांगलीकडचा बेदाणाही वर्ज्य. म्हणून शिरा आणि खीर देतानाही जपून. त्यात मनुके लपलेले असतात.

आणि चुकून खाल्लंच तर? लपवू नका, रागावतील म्हणून घाबरू नका. लगेच मोठ्यांना सांगा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावा. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे सांगा, वेष्टन असेल तर सोबत न्या. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं वगैरे घरगुती उपाय करू नका. जास्त मीठही कुत्र्याला घातकच असतं.

पेरू नको, पण मासळीचं तेल?

उलटा प्रकारही आहे. काही गोष्टी आपल्याला लागतात आणि मोत्याला लागतच नाहीत. क जीवनसत्त्व मिळावं म्हणून आई तुम्हाला पेरू, आवळा, लिंबू देते. मोत्याचं यकृत क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं! माणूस, माकडं, गिनिपिग अशा थोड्याच प्राण्यांना ते बाहेरून घ्यावं लागतं.

ड जीवनसत्त्वात मात्र आपण पुढे. कोवळं ऊन अंगावर घेतलं की आपली त्वचा ते बनवते. मोत्याही सकाळी अंगणात उन्हात लोळतो, पण त्याच्या त्वचेला ते नीट जमत नाही. त्याला ड जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळायला हवं.

हे जीवनसत्त्व सापडलं, त्यात कुत्र्याच्या पिल्लांचाही हात आहे. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये कितीतरी मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकायचे. या रोगाला मुडदूस म्हणतात. एडवर्ड मेलनबी नावाच्या डॉक्टरांनी पिल्लांना घरातच ठेवलं आणि ओटची लापशी, पाव असं साधं खाणं दिलं. पिल्लांची हाडं मऊ पडली, त्यांना मुडदूस झाला. मग काही पिल्लांना त्यांनी कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं. त्यांना मुडदूस झाला नाही! हे मेलनबींनी 1919 साली जाहीर केलं. त्या तेलातल्या हाडं घडवणाऱ्या घटकाला पुढे 'ड जीवनसत्त्व' नाव मिळालं आणि कितीतरी मुलं सरळ पायांनी चालू लागली.

त्या पिल्लांचं पोट भरत नव्हतं का? भरत होतं. 'चालेल' आणि 'पुरेल' यांतला फरक तो हाच. मोत्याला नुसती दूध-पोळी दिली, तर प्रथिनं कमी पडतील. शिवाय पिलूपण सरल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. बरं, मग नुसतं मटण-चिकन देऊ? तेही नाही! मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम जेमतेम. वाढत्या पिल्लाला फक्त मांस दिलं, तर शरीर कॅल्शियम मिळवायला त्याच्याच हाडांतून ते काढून घेतं. लांडग्याचं बरं असतं. तो सावजाची हाडंही फोडून खातो.

म्हणून घरचं जेवण द्यायचं, तर त्यात सगळं हवं. उकडलेलं अंडं (त्याला 'चालेल'ची खूण करा), चिकन किंवा मासळी काटे काढून, शिजवलेला भात किंवा भाकरी, लाल भोपळा किंवा गाजर, तेही तिखट, मसाला आणि कांदा-लसूण न घालता. कॅल्शियम कशातून आणि किती द्यायचं, हे डॉक्टरच सांगतील, कारण तेही जास्त झालं तर मोठ्या चणीच्या पिल्लांची हाडं वेडीवाकडी वाढतात. घर शाकाहारी असेल, तर? कुत्रा शाकाहारावरही राहू शकतो, पण डाळ, पनीर आणि वरची जीवनसत्त्वं यांचा मेळ डॉक्टरांना विचारून नीट बसवला तरच. मांजराला मात्र शाकाहारी करायला जाऊ नका, तिचं शरीर मांसाशिवाय चालतच नाही.

तीन बिस्किटांचं गणित

आता मोत्याचं वजन आठवा. 10 किलो. अशा मोठ्या झालेल्या, घरी राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. मग 40 किलोच्या धिप्पाड कुत्र्याला किती? वजन चौपट, म्हणून 2,400? चूक! त्याला लागतात 1,700 ते 1,800. पावणेतीनपटीच्या आसपास. प्राणी मोठा होतो, तशी त्याच्या दर किलोला लागणारी ऊर्जा कमी होत जाते. माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 साली उंदरापासून बैलापर्यंत हा नियम ताडून पाहिला होता. म्हणूनच 'शेजारच्यांचा रॉकी किती खातो' यावरून मोत्याचं पान वाढायचं नाही.

आणखी एक हिशोब. अधल्यामधल्या खाऊने दिवसाच्या कॅलरींचा दहावा हिस्सा ओलांडू नये, असं डॉक्टर सांगतात. 600 चा दहावा हिस्सा 60. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण 20 कॅलरी. म्हणजे दिवसाला तीन. आता खरं खरं सांगा, चहाच्या वेळी काय होतं? आजोबा दोन देतात, आई एक, ताई दोन, आणि तुम्ही टेबलाखालून गुपचूप तीन. झाली की आठ! 160 कॅलरी, मोत्याच्या दिवसाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यापेक्षा गाजराचे तुकडे बरे.

'पण तो असा बघतो ना, द्यावंच लागतं!' असं म्हणताय? त्या बघण्याचंही गुपित सापडलं आहे. भुवईची आतली कड वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित असतो. लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतो, असं शास्त्रज्ञांना 2019 साली दिसलं. हजारो वर्षं ज्यांनी असं केविलवाणं बघितलं त्यांना माणसाने जास्त जीव लावला, त्यातून तो स्नायू टिकला आणि वाढला, असा अंदाज आहे. तेव्हा मोत्याने भुवई उचलली, तर ओळखा: ही भूक असेलच असं नाही, हा स्नायू आहे! मग त्याला एक बिस्किट कमी आणि एक फेरी जास्त द्या.

पाकिटातले दाणे

'एवढी कटकट कशाला? दुकानातले दाणे आणू!' हाही रस्ता आहे. त्याची गोष्ट अशी सांगतात. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन माणूस लंडनला गेला. तो विजेपासून बचाव करणारे तडितवाहक विकायचा. बंदरावर त्याला दिसलं, की खलाशांनी टाकलेली कडक बिस्किटं कुत्री मटकावत आहेत. त्याने गहू, भाज्या, बीट आणि मांस घालून खास कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली आणि त्यावर तो श्रीमंत झाला. आजचे फुगीर दाणे आले 1950 च्या दशकात. मळलेलं पीठ वाफेवर, दाबाखाली शिजवून एका भोकातून बाहेर ढकलायचं. दाब सुटला की ते फुगतं. मक्याचे कुरकुरीत फुगे करतात तीच पद्धत.

पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. तीन गोष्टी शोधा. पहिली: हा 'संपूर्ण आहार' आहे, की नुसता वरचा खाऊ? दुसरी: पिल्लासाठी आहे, की मोठ्या कुत्र्यासाठी? अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या मापाप्रमाणे, पाणी वगळून मोजलं तर मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात निदान 18 टक्के प्रथिनं हवीत आणि पिल्लाच्या खाण्यात 22.5 टक्के. तिसरी: पाणी किती? आणि खाणं बदलायचं झालं, तर एका दिवसात नको. आठवडाभरात जुनं थोडं थोडं कमी आणि नवं थोडं थोडं जास्त करत जा, म्हणजे पोट बिघडणार नाही.

जाता जाता एक कोडं, त्या तिसऱ्या गोष्टीवरचं. दुकानात दोन प्रकार आहेत. कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर लिहिलंय: प्रथिनं 24 टक्के, पाणी 10 टक्के. ओल्या खाण्याच्या डब्यावर लिहिलंय: प्रथिनं 8 टक्के, पाणी 78 टक्के. पाणी काढून टाकलं, तर प्रथिनांचं प्रमाण कशात जास्त? आधी स्वतः सोडवा, मगच खाली बघा.

उत्तर: 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांतून पाणी काढलं की उरतात 90 ग्रॅम, त्यांत प्रथिनं 24. म्हणजे जवळजवळ 27 टक्के. 100 ग्रॅम ओल्या खाण्यातून पाणी काढलं की उरतात फक्त 22 ग्रॅम, त्यांत प्रथिनं 8. म्हणजे 36 टक्के! 24 आणि 8 या आकड्यांनी कसं फसवलं बघा. तेव्हा दुकानदाराने 'हेच घ्या, यात प्रथिनं जास्त' असं सांगितलं, की पाकीट उलटं करा आणि विचारा, 'काका, आधी सांगा, यात पाणी किती?'